शोभेची साखर आणि जिभेचा कौल

इंग्रजी अमदानीत 1905 सालापर्यंत आजचा यवतमाळ जिल्हा ज्या गावाच्या नावाने ओळखला जाई, त्या निर्गुडेकाठच्या वणीत एका पिढीपूर्वी वाढदिवसाचा केक म्हणजे बेकरीच्या काचेमागे मांडलेला, वनस्पती तुपाच्या गुलाबी फुलांनी मढवलेला एक ठरीव जिन्नस असे. आज त्याच गावात, वेकोलि या कोळसा कंपनीच्या वसाहतींतून आणि जुन्या वस्तीतल्या घरांतूनही, स्वतःच्या स्वयंपाकघरात केक भाजून विकणाऱ्या गृहिणी मुलाच्या फर्माइशीबरहुकूम खाणीवरचा डंपर, गड-किल्ला, पुस्तकांची चवड किंवा पोळ्याची सजवलेली बैलजोडी केकवर उभी करून देतात, आणि हे सारे शिल्प ज्या मऊ, पोळपाटावर लाटता येणाऱ्या, हवा तो आकार धारण करणाऱ्या साखरेच्या लगद्यातून घडते त्याला फाँडंट म्हणतात.

परंतु समारंभ आटोपल्यावर ताटल्या उचलणाऱ्यास जे दृश्य हटकून दिसते ते मोठे बोलके असते: आतला केक संपलेला असतो, आणि त्याच्यावरचे निळे-हिरवे आवरण सोलून, गुंडाळून, कडेला ठेवलेले असते. लहान मुले, ज्यांना गोडाचे वावडे कधीच नसते, तीसुद्धा पहिल्या घासानंतर ते बाजूला सारतात. ज्या कारागिरीसाठी करणारीने रात्र जागवली, आणि जिच्यासाठी घरधन्याने साध्या केकच्या दुप्पट-तिप्पट पैसे मोजले, ती अखेर खरकट्यात जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण खाण्याच्या वस्तूवरची शोभा खाण्याजोगी नसेल तर ती शोभा अपुरी आहे, अशी माझी धारणा आहे. या प्रकरणात मला सांगावयाचे आहे ते एवढेच, की फाँडंटची चव सुधारण्याचा मार्ग त्यात इसेन्सची बाटली रिकामी करण्यात नाही. त्याच्या अंगी जे दोष आहेत ते एकेक करून काढून टाकण्यात तो आहे, आणि सुगंधाची बाब त्यानंतरची आहे.

शोभेची साखर मराठी घराला नवी नाही. संक्रांतीला नव्या सुनेच्या अंगावर, आणि बोरन्हाणाच्या पाटावर बसलेल्या बाळाच्या अंगावर, जे हलव्याचे दागिने चढतात त्यांचा हलवा करणारी बाई परातीत तीळ, खसखस किंवा साबुदाणा घेऊन, मंद शेगडीवर, चमच्याने पाकाचे थेंब सोडीत आणि बोटांच्या टोकांनी दाणे सारखे हलवीत कित्येक तास, कधी कित्येक दिवस बसते, तेव्हा कोठे त्या दाण्यांवर काटा फुटतो. हा दागिना अंगावरून उतरला की तोंडात जातो, आणि त्याच्या शुभ्र साखरेखाली तिळाचा खमंगपणा, लवंगेचा तिखटपणा किंवा वेलदोड्याच्या दाण्याचा गंध जिभेला भेटतो. साखरेने नुसते दिसावे आणि चवीची जबाबदारी पोटातल्या दाण्याने उचलावी, ही यातली तजवीज अत्यंत शहाणपणाची आहे, आणि फाँडंटच्या बाबतीत नेमकी तीच आपण विसरलो आहो.

युरोपातले जुने कारागीरही ती विसरले नव्हते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये छापल्या गेलेल्या टॉमस डॉसनच्या पाकपुस्तकात साखरेच्या लगद्याची जी कृती आहे, तिच्यात कतिरा गोंद गुलाबपाण्यात भिजवून घ्यावयास सांगितले आहे, आणि साखरेबरोबर लिंबाचा रस व अंड्यातले थोडे पांढरेही घालावयास सांगितले आहे. या लगद्याच्या ताटल्या, पेले आणि फळे करून ती मेजवानीत मांडावीत आणि शेवटी पाहुण्यांनी ती मोडून खाऊन टाकावीत, असा त्या काळचा शिरस्ता होता. गुलाबाचा गंध आणि लिंबाचा आंबटपणा या दोन गोष्टी त्या कृतीत मुळातच होत्या. पुढे साखर स्वस्त व मुबलक झाली, लगदा कारखान्यात तयार होऊन डब्यांतून विकला जाऊ लागला, आणि जो माल महिनोन्महिने फळीवर टिकावा, कोणत्याही रंगात रंगावा आणि कोणाच्याही पसंतीस उतरावा, त्याला ठळक चव असणे ही अडचणच ठरली. आजच्या बाजारी फाँडंटचा बेचवपणा हा अपघात नसून त्या व्यापारी सोयीची किंमत आहे.

येथे एक खुलासा केला पाहिजे. फाँडंट दोन प्रकारचे असते. एक ओतावयाचे: साखरेचा गोळीबंद पाक, म्हणजे सुमारे 112 ते 116 अंश सेल्सिअसपर्यंत चढवलेला पाक, न हलवता कोमट होऊ द्यावयाचा आणि मग पांढराशुभ्र होईपर्यंत घोटावयाचा, त्याचे स्फटिक इतके सूक्ष्म असतात की तो जिभेवर लोण्यागत विरघळतो. त्याच्या चवीबद्दल फारशी तक्रार नाही. तक्रार आहे ती लाटावयाच्या फाँडंटबद्दल, आणि यापुढे मी बोलणार आहे ते त्याच्याचविषयी.

या लाटावयाच्या लगद्यातले जिन्नस मोजके आहेत. एक किलोच्या गोळ्यात साधारण 800 ग्रॅम पिठीसाखर, सव्वाशे ग्रॅमच्या आसपास लिक्विड ग्लुकोज, थोडे पाणी, लवचीकपणासाठी जिलेटिन किंवा एखादा डिंक, ओलावा धरून ठेवण्यासाठी चमचाभर ग्लिसरीन आणि मऊपणासाठी दोन चमचे वनस्पती तूप किंवा तत्सम स्निग्ध पदार्थ असतो. यांतला प्रत्येक जिन्नस कारागिराच्या हाताच्या सोयीसाठी आला आहे. खाणाऱ्याच्या जिभेसाठी एकही आलेला नाही. म्हणून दोषांचा तपास करावयाचा तर याच यादीवरून, एकेका जिन्नसाची रुजुवात घेत, केला पाहिजे.

पहिला आणि माझ्या मते सर्वांत मोठा दोष खडूसारख्या चवीचा; घास घेतल्यावर दातांवर आणि टाळूवर जो पिठूळ लेप बसतो तो. त्याचे मूळ पिठीसाखरेत आहे. बाजारी आयसिंग शुगरच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून तीत सामान्यतः तीन-चार टक्के कॉर्नफ्लोअर, म्हणजे मक्याचे सत्त्व, मिसळलेले असते, आणि हे कच्चे सत्त्व थंड पाण्यात विरघळत नाही, तसे लाळेतही विरघळत नाही. साखर वितळून घशाखाली जाते, सत्त्व मागे राहते. आपल्या हातातल्या साखरेत ते आहे की नाही हे पाहण्याची रीत अगदी सोपी आहे: काचेच्या पेल्यात साधे पाणी घेऊन त्यात दोन चमचे पिठीसाखर ढवळावी आणि पेला अर्धा तास न हलवता ठेवावा, शुद्ध साखरेचे पाणी नितळ राहते, सत्त्व असेल तर पाणी गढूळ दिसते आणि हळूहळू तळाशी पांढरा साका बसतो. त्या साक्यावर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब सोडला की तो गडद निळा होतो, आणि मग शंकेला जागा उरत नाही.

यावर इलाज म्हणजे साखर घरी दळणे. मिक्सरमध्ये दाणेदार साखर दळून ती मलमलीच्या कापडातून वस्त्रगाळ करावी, चाळणीवर भागवू नये. कारण सुमारे तीस मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या तीन-शतांश भागाहून, मोठा कण जिभेला खरखरीत लागू लागतो, आणि मिक्सरमधून निघालेल्या साखरेत तसे कण पुष्कळ असतात. एवढे करूनही जी बारीक कचकच राहते ती मुरवण्याने जाते. गोळा मळून झाल्यावर प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून पुरा एक दिवस ठेवला म्हणजे त्यातल्या पाकात सर्वांत बारीक कण विरघळतात, ओलावा सगळीकडे सारखा पसरतो आणि पोत रेशमी होतो. जी घाईने त्याच दिवशी लाटते तिच्या वाट्याला ही मऊसूतता येत नाही. सत्त्वाविना दळलेली साखर पावसाळ्यात तासाभरात गोळे धरू लागते, तेव्हा ती ज्या दिवशी वापरावयाची त्याच दिवशी दळावी हे बरे. आणि एवढे करून पोळपाटावर लाटताना मुठीमुठीने कॉर्नफ्लोअर भुरभुरले तर दाराबाहेर घातलेला दोष खिडकीतून घरात येतो. पोळपाटाला खोबरेल तेलाचा निसटता हात फिरवून लाटावे.

दुसरा दोष टाळूला चिकटून राहणाऱ्या मेणचटपणाचा, आणि तो वनस्पती तुपाचा. आपल्याकडच्या वनस्पतीचा द्रवणांक 31 ते 41 अंशांच्या दरम्यान राखण्याचा जुना नियम आहे. तोंडाचे तापमान 37 अंशांच्या आतबाहेर. याचा अर्थ असा, की ज्या वनस्पतीचा द्रवणांक वरच्या टोकाला आहे ती तोंडात वितळतच नाही, टाळूवर पातळ थर करून बसते, आणि त्या थराखाली जिभेची चव घेण्याची शक्ती काही काळ झाकली जाते. आरोग्याच्या दृष्टीने या पदार्थावर जे आक्षेप होते त्यांची दखल घेऊन सरकारने 2022 सालच्या जानेवारीपासून खाद्य तेला-तुपांतील ट्रान्स फॅटचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत आणले आहे, पण चवीचा प्रश्न त्याने सुटत नाही. येथे वनस्पतीच्या जागी कोको बटर घ्यावे: तो साधारण 34 अंशांना, म्हणजे तोंडात शिरताच, पुरता वितळतो, आणि त्याला चॉकलेटचा एक मंद, सुखद गंध असतो. तो महाग आहे हे खरे, पण किलोला 25 ग्रॅमच लागतो. पांढरे चॉकलेट वितळवून मळण्यात घालणे हा त्याचाच थोडा स्वस्त पर्याय. मात्र लेबल पाहून, कोको बटर असलेलेच घ्यावे, कारण कंपाउंड या नावाने जे विकले जाते त्यात पुन्हा ती वनस्पतीच असते.

तिसरा दोष एकसुरी गोडीचा. कोणतीही गोडी सोबतीवाचून सहन होत नाही, हे पुरणात जायफळ आणि मिठाचा कण घालणाऱ्या, आणि श्रीखंडाचा चक्का किंचित आंबट असावा म्हणून आग्रह धरणाऱ्या आपल्या स्वयंपाकघरांना कोणी शिकवावयास नको. आंबट आणि गोड या चवी एकमेकींना नरम करतात, आणि मिठाचा अंश रंगाची व इसेन्सची कडवट छटा दाबून टाकतो. एक किलो फाँडंटला पाव चहाचा चमचा बारीक मीठ आणि तितकेच सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपले लिंबूसत्त्व, चमचाभर पाण्यात विरघळवून घातले, तर खाणाऱ्याला ना खारट लागते ना आंबट. गोडीची धार मात्र कमी झालेली जाणवते. याहून जास्त लिंबूसत्त्व घालण्याचा मोह आवरावा, कारण आम्ल साखरेचे विघटन करते आणि गोळा दिवसागणिक सैल व चिकट होत जातो. ग्लिसरीनबद्दलही असाच संयम हवा: किलोला एका मोठ्या चमच्यापेक्षा ते वाढले की घशात उष्ण, किंचित जळजळीत गोडी रेंगाळते. आणि ते खाण्याच्या प्रतीचे आहे, हे बाटलीवर वाचल्याशिवाय घेऊ नये.

एवढी सफाई झाल्यावरच सुगंधाकडे वळावे. आणि वणीच्या माणसाने त्यासाठी व्हॅनिलाच्या बाटलीकडे जावे यासारखी दुसरी हळहळ वाटण्याजोगी गोष्ट नाही, कारण ज्या नागपुरी संत्र्याला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले ते त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर पिकते. आंबिया बहाराची फळे ऑक्टोबर ते डिसेंबरात आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चात बाजारात येतात. त्यांतली दोन घट्ट, ताजी फळे कोमट पाण्यात चोळून धुऊन, कोरडी पुसून घ्यावीत. संत्र्याची साल सैल असते, म्हणून फळ न सोलता, अख्खेच हातात धरून, सर्वांत बारीक किसणीवर हलक्या हाताने फिरवावे. नारिंगी रंगाचा वरचा पापुद्रा तेवढा निघाला पाहिजे, आतली पांढरी बाजू लागली की कडूपणा आलाच. हा कीस न दळलेल्या, दाणेदार साखरेवर पाडावा आणि दोन्ही हातांच्या बोटांनी साखरेत चोळीत जावे. सालीच्या पृष्ठभागावर ज्या बारीक तेलग्रंथी असतात त्या साखरेच्या टोकदार दाण्यांनी चिरल्या जातात, आतले तेल दाण्यांवर पसरते, साखर किंचित ओलसर व फिकट केशरी होते, आणि स्वयंपाकघरभर जो वास दरवळतो तो कोणत्याही बाटलीत नसतो. ही साखर पंख्याखाली, उन्हात नव्हे, सुकवून मग दळावी व वस्त्रगाळ करावी. तेल हवेने लवकर शिळे होते, तेव्हा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून ती थोड्या दिवसांतच संपवावी.

आवरण शुभ्रच हवे असेल तर संत्र्याची फिकट छटा चालणार नाही, आणि वेलदोड्याची पूड घातली तर काळे ठिपके दिसतील. तेथे ठेचलेले वेलदोडे, सालांसकट, वितळलेल्या कोको बटरमध्ये मंद आचेच्या पाण्यावर अर्धा तास ठेवून मग गाळून घ्यावेत. गंध तेलात उतरतो, डाग मागे राहतात. तयार इसेन्स वापरावयाचाच असेल तर तो गरम मिश्रणात कधीही टाकू नये, कारण त्यातला वास वाफेबरोबर निघून जातो. अगदी शेवटी, मळताना घालावा. गुलाबपाण्याने लगदा सैल होतो, म्हणून जिलेटिन भिजवण्याचे पाणीच निम्मे गुलाबपाणी घ्यावे, जसे डॉसनच्या काळी गोंदासाठी घेत.

जिलेटिनचा विषय निघाला आहे तर तोही मोकळेपणाने बोलावा. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून होते, आणि वणीसारख्या गावात ज्या घरांतून केकची मागणी येते त्यांतल्या अनेकांना ते निषिद्ध आहे. हे ज्यांच्यापासून लपवले जाते त्यांच्याशी ती बेइमानी होय. अगर-अगर, म्हणजे चायना ग्रास, हा त्याला पर्याय आहे, परंतु तो उकळल्याशिवाय विरघळत नाही आणि त्याचा गोळा लाटताना तुटतो, म्हणून त्याच्या जोडीला सीएमसी नावाची पांढरी भुकटी चमचाभर घालावी लागते. ही भुकटी सेल्युलोजपासून होते, आणि ते सेल्युलोज लाकडाच्या लगद्यातून येते तसे सरकीला चिकटून राहणाऱ्या आखूड तंतूंतूनही येते. वणीच्या जिनिंगांपुढे ज्या कापसाच्या गाड्या उभ्या राहतात त्या कापसाचे आणि केकवरच्या साखरफुलाचे नाते असे अगदी सरळ लागते. तिला स्वतःची चव नाही, हा तिचा मोठा गुण. अंड्या-मांसाविना ही कला अडत नाही याचा दाखला पाहिजे असेल तर पुण्याच्या प्राची धबल देब यांचा आहे. त्यांनी अंडे न वापरता केलेल्या रॉयल आयसिंगमधून मिलानच्या कॅथेड्रलची सुमारे 100 किलो वजनाची प्रतिकृती घडवली.

आता जाडीचा हिशेब. वीस सेंटिमीटर व्यासाचा आणि दहा सेंटिमीटर उंचीचा केक घेतला तर त्याच्या माथ्याचे आणि कडेचे मिळून क्षेत्रफळ सुमारे 940 चौरस सेंटिमीटर भरते. फाँडंट पाण्याच्या साधारण 1.4 पट जड असते असे धरले, तर पाच मिलिमीटर जाडीच्या आवरणाला सुमारे 660 ग्रॅम लागेल आणि तीन मिलिमीटरच्या आवरणाला सुमारे 400 ग्रॅम. म्हणजे नुसते लाटणे अधिक निगुतीने फिरवल्याने सुमारे पाव किलो साखर खाणाऱ्यांच्या ताटलीतून कमी होते, आणि हा उपाय फुकटचा आहे. पातळ आवरण फाटते अशी तक्रार केली जाते. पण ते फाटते याचे कारण बहुधा गोळा मुरलेला नसतो किंवा त्याखालचा थर ओबडधोबड असतो.

तो खालचा थर हाच हलव्यातल्या तिळाचा वारस होय. लोण्या-साखरेच्या क्रीमवर फाँडंट घालणे म्हणजे गोडावर गोड. त्याऐवजी कडवट डार्क चॉकलेटचे गनाश, दोन भाग चॉकलेटला एक भाग क्रीम या मापाने करून, त्याचा गुळगुळीत हात केकवर द्यावा. चॉकलेट नको असेल तेथे मराठी घरातली कवठाची जेली, जी आंबट असते आणि पेक्टिनमुळे घट्ट बसते, केकवर पातळ फासून तिच्यावर काजूचा थर द्यावा. आणि येथे मला माझी सर्वांत आवडती सूचना करू द्या. काजूकतलीचा गोळा हे आपल्या हलवायाने कधीच सिद्ध करून ठेवलेले, चवीचे, लाटता येणारे आवरण आहे. गोवा-मुंबईच्या बेकऱ्यांत ईस्टरच्या मार्झिपानसाठी बदामाऐवजी काजू घेण्याची वहिवाट आहेच. काजूची बारीक पूड साखरेच्या पाकात शिजवून केलेला हा गोळा, थोडे ग्लुकोज घालून मऊ ठेवला, तर साध्या, सपाट आवरणासाठी फाँडंटची गरजच उरत नाही. फुले, अक्षरे, बाहुल्या यांपुरतेच फाँडंट वापरावे. काजूच्या आवरणाचा रंग हस्तिदंती राहतो, पांढरा नव्हे, आणि फार बारीक नक्षी त्यात उठत नाही. या दोन मर्यादा सांगितल्या पाहिजेत. तिसरा पर्याय कंडेन्स्ड मिल्क, दुधाची भुकटी आणि पिठीसाखर यांच्या मळलेल्या गोळ्याचा. त्याची चव पेढ्याकडे झुकते आणि मुले ती आनंदाने खातात, पण तो आठवडाभराच्या पलीकडे ठेवू नये.

वणीचे हवामान या सगळ्यात आपला शब्द राखून आहे. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो, आणि ज्या कोको बटरची मी एवढी तरफदारी केली तो 34 अंशांना वितळत असल्यामुळे उघड्या खोलीत मळलेला गोळा हाताला तेल सोडतो. त्या दिवसांत स्निग्धांश निम्म्यावर आणावा, काम पहाटे करावे, किंवा कूलरच्या नव्हे तर वातानुकूलित खोलीत करावे, कारण कूलर हवेत ओलावा सोडतो. जुलै-ऑगस्टात उलट संकट: साखर, आणि तिच्याहूनही ग्लुकोज व ग्लिसरीन, हवेतले पाणी ओढून घेतात. फ्रिजमधून काढलेल्या केकवर दव धरते, आवरण घामेजते, रंग उतरतात. तेव्हा पावसाळ्यात ग्लिसरीन अगदी थोडे घालावे, आणि केक खोक्यात बंद करून फ्रिजमध्ये ठेवावा व बाहेर काढल्यावर खोक्यासकटच खोलीच्या उष्णतेला येऊ द्यावा, म्हणजे दव खोक्यावर बसते.

रंगाविषयी दोन शब्द पुरेत. आपल्या कायद्याने खाद्यपदार्थांत आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे आणि त्यांचे प्रमाणही मर्यादित ठेवले आहे. गडद लाल किंवा काळा रंग पांढऱ्या गोळ्यात आणू गेले तर रंग इतका लागतो की जीभ कडू होते. डंपरची काळी चाके आणि कोळशाचा ढीग करावयाचा असेल तर गोळ्यात प्रथम कोको पूड मळून तो तपकिरी करावा आणि मग रंगाचे दोनच थेंब घालावेत. चव बिघडण्याऐवजी सुधारते. लालसाठी बीटची सुकवलेली पूड, पिवळ्यासाठी दुधात खललेले केशर, हे सौम्य छटांना पुरतात.

ज्यांना नमुन्यादाखल एकच माप हवे असेल त्यांनी असे करावे: संत्र्याची आणि साधी मिळून घरी दळलेली साखर 800 ग्रॅम, लिक्विड ग्लुकोज 120 ग्रॅम, 50 मिलिलिटर पाण्यात भिजवून, पाण्यावर वितळवलेले जिलेटिन 10 ग्रॅम, किंवा 70 मिलिलिटर पाण्यात उकळलेले चायना ग्रास 4 ग्रॅम व सीएमसी 5 ग्रॅम, कोको बटर 25 ग्रॅम, ग्लिसरीन 10 मिलिलिटर, मीठ आणि लिंबूसत्त्व प्रत्येकी पाव चहाचा चमचा. ओले जिन्नस एकत्र कोमट करून साखरेच्या मध्यभागी ओतावेत, कणकेप्रमाणे मळावे, घट्ट गुंडाळून एक दिवस मुरू द्यावे. सगळी साखर एकदम घालू नये. शेवटची मूठ हवेच्या ओलाव्याप्रमाणे कमीजास्त होते.

आणि केकची मागणी नोंदवणाऱ्या माझ्या वाचकांना एक विनंती. पुढच्या वेळी चित्र आणि रंग ठरवून झाल्यावर, पैसे देण्यापूर्वी, त्या आवरणाचा पेढ्याएवढा तुकडा खावयास मागा. करणारी बाई इमानाने काम करणारी असेल तर तिला त्याचा राग येणार नाही. आणि तो तुकडा तुमच्या मुलाने दुसऱ्यांदा मागितला, तरच तो केक घ्या.